लग्नातलं पाणी की आधीचंच काही? छोटीच्या सिलिॲकचं प्रकरण

आमच्या घरी एक खटला जवळजवळ वर्षभर चालला. आरोपी म्हणजे उज्जैनच्या एका लग्नातलं पाणी, फिर्यादी आमची आई, आणि पाण्याच्या शेजारी पिंजऱ्यात उभी केलेली माझी वहिनी, कारण लग्न तिच्या माहेरचं होतं ना. त्या लग्नाहून परत आल्यावर तिसऱ्या दिवशी छोटीला (माझी भाची, हे घरातलं नाव, खरं देत नाही) उलट्या-जुलाब सुरू झाले, त्यानंतर पोरगी जी सुकली ती सुकलीच, आणि पाच महिन्यांनी निदान झालं सिलिॲक. गव्हाचा आजार. मग सगळ्यांना सरळ रस्ता दिसला: लग्न, पाणी, व्हायरस, सिलिॲक. मी इंदूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये अठरा वर्षं टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, पण रक्ताच्या नळ्या आणि रिपोर्ट रोज हाताखालून जातात, आणि खोटं कशाला बोलू, पहिले दोन महिने मला पण हेच खरं वाटत होतं. नंतर छोटीचं लसीचं कार्ड आणि स्वयंपाकघरातलं जुनं कालनिर्णय हातात आलं आणि गोष्टीचा क्रमच बदलला, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय.

दादा-वहिनी सुदामा नगरला राहतात. घर अगदी आपल्या इंदुरी मराठी घरांसारखं, म्हणजे सकाळी पोहे-शेव, डब्यात पोळी, रात्री पोळी, रविवारी दाल-बाफले, आणि कोणी पाहुणा आला की जिलबी. माळव्यात गव्हाशिवाय दिवस जात नाही हो, सीहोरचा शरबती दळून आणायचा आणि त्याचं कौतुक करत खायचं. छोटीला सहाव्या-सातव्या महिन्यापासूनच वरणात कुस्करलेली पोळी. यात कोणाचं काही चुकलं नाही, हे आधीच सांगते, कारण नंतर "एवढ्या लवकर पोळी का दिली" असंही एक कलम आरोपपत्रात आलं होतं.

तर फेब्रुवारी. छोटी तेव्हा दोन वर्षं नऊ महिन्यांची. सहा दिवस जुलाब, पहिले दोन दिवस उलट्या, ताप थोडा. क्लिनिकमध्ये सांगितलं व्हायरल आहे, ओआरएस द्या, झिंक द्या, चौदा दिवस. बरोबरच सांगितलं. स्टूलची व्हायरससाठी कुठलीच तपासणी झाली नाही, होत पण नाही कोणाची, कारण रोटा निघाला काय आणि नोरो निघाला काय, उपचार तोच, पाणी आणि मीठ-साखर. पण याचा अर्थ असा की त्या आठवड्यात छोटीच्या पोटात नेमका कुठला व्हायरस होता हे आज जगात कोणालाच माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. किंवा व्हायरस होता का बॅक्टेरिया, ते पण नाही. पण घरात "व्हायरल" हा शब्द आला आणि चिकटला.

जुलाब थांबले पण पोट काही ताळ्यावर येईना. फुगलेलं पोट, काडीसारखे हातपाय, चिकट, वास मारणारी शी, आणि स्वभाव तर असा किरकिरा झाला की प्लेस्कूलवाल्या बाई म्हणाल्या घरी काही टेन्शन आहे का. मग शेजारच्या काकूंनी सल्ला दिला, जुलाबानंतर गहू जड पडतो, बंद करा. वहिनीने पोळी बंद केली. आणि हलकं म्हणून काय दिलं, तर मूग-तांदळाची खिचडी, मुरमुरे, साबुदाणा, आणि रव्याची खीर! रवा गव्हाचाच असतो हो, पण आपल्याकडे आजाऱ्याला रवा म्हणजे हलका हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की तो गहू आहे हे कोणाच्या मनातच येत नाही, मी रोज टीटीजीचे (सिलिॲकच्या अँटिबॉडी मोजणारी रक्ताची टेस्ट) सॅम्पल लावणारी बाई, मी स्वतः ती खीर भरवली आहे तिला. शिवाय वजन वाढावं म्हणून दुधात माल्टवाली पावडर, आणि माल्ट म्हणजे जव, त्यातही ग्लूटेन, गव्हातलं जे प्रोटीन सिलिॲकमध्ये बाधतं तेच. म्हणजे गहू बंद आहे असं घर समजत होतं, आतडं तसं समजत नव्हतं.

एप्रिलच्या मध्यात मीच म्हटलं एकदा टीटीजी करून टाकू. नळी मीच नेली लॅबमध्ये. आला ३४, आमच्या किटची मर्यादा १०. टोटल आयजीए (टीटीजीत मोजतात ती अँटिबॉडी याच जातीची) नॉर्मल, ते बघावंच लागतं, कारण ज्यांचं आयजीए मुळातच कमी असतं त्यांची ही टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. हिमोग्लोबिन ८.७, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ४. वजन १०.९.

मी तर घरी फोन करून सांगणार होते की झालं निदान. पोटाच्या डॉक्टरांनी (मुलांचे वेगळे असतात, त्यांच्याकडे नेलं) थांबवलं. ते म्हणाले ३४ हा आकडा मधला आहे, आणि दोन गोष्टींनी तो गढूळ झालाय. एक, दोन महिन्यांपूर्वी मोठं इन्फेक्शन झालंय, आणि इन्फेक्शननंतर टीटीजी थोडं वर जाऊन आपोआप उतरल्याचं मुलांमध्ये नोंदलं गेलंय. दोन, तुम्ही पोळी बंद केलीत, म्हणजे खरं असलेलं टीटीजी खाली पण आलं असेल. वर ढकलणारं एक कारण, खाली ओढणारं एक, आता यातून काय ओळखणार? जिआर्डिया या पोटातल्या परजीवीसाठी स्टूल तीन दिवस बघायला सांगितलं (निगेटिव्ह) आणि म्हणाले पोळी परत सुरू करा, पूर्ण, रोज, आणि दहा आठवड्यांनी परत या.

यावरून घरात जे झालं ते सांगायला नको. आईचं म्हणणं, ज्याने पोर आजारी पडतं तेच भरवायचं, हे कुठलं शास्त्र? आणि तिचं तरी काय चुकलं, कोणत्याही आजीला असंच वाटेल. पण ही टेस्ट म्हणजे शरीर गव्हावर किती चिडलंय याची मोजणी आहे, गहूच काढून घेतला तर चिडणार कशावर? एका मध्यम पोळीत साधारण २ ते ३ ग्रॅम ग्लूटेन असतं, छोटीला दिवसाला दोन छोट्या पोळ्या आणि थोडा रवा ठरवून दिला, वहिनीने रडत रडत भरवल्या. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर टेस्टच्या आधी पोळी बंद करण्याचा, त्याने अडीच महिने गेले, आणि त्या अडीच महिन्यांत पोरीचं पोट जास्त दुखलं. राग काकूंवर नाही, आपल्या सगळ्यांच्याच सवयीवर आहे, माझ्यासकट.

जूनच्या शेवटी परत नळी. १२८. म्हणजे मर्यादेच्या बारा पट. युरोपातल्या मुलांच्या डॉक्टरांच्या २०२० च्या नियमांप्रमाणे दहा पटीच्या वर टीटीजी आणि वेगळ्या नमुन्यात ईएमए (सिलिॲकचीच दुसरी अँटिबॉडी टेस्ट) पॉझिटिव्ह असेल तर बायोप्सीशिवाय निदान चालतं. ईएमए पॉझिटिव्ह आलं (ही टेस्ट माकडाच्या अन्ननलिकेच्या स्लाइडवर मायक्रोस्कोपखाली बघतात, आईला हे सांगितल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा होता, मारुतीच्या देवळात जाऊन आली). दादाला बायोप्सी नको होती. मी आग्रह धरला. कारण मला माहीत आहे की एका किटचे १२८ आणि दुसऱ्या किटचे १२८ सारखे नसतात, दहा पट हे गणित किट कसा आहे, लॅब कशी चालते यावर पण अवलंबून असतं, आणि जन्मभराचा निर्णय आहे तर आतडं एकदा बघून घ्यावं. जुलैमध्ये एंडोस्कोपी झाली, ड्युओडेनमचे (लहान आतड्याचा पहिला भाग) तुकडे घेतले, रिपोर्ट मार्श ३बी, ही आतड्याच्या झिजेची पातळी. आतड्याच्या आतल्या गालिच्याचे धागे झिजून बरेचसे सपाट. संपला प्रश्न.

निदानाचा संपला, दोषाचा नाही. आईने त्याच संध्याकाळी शांतपणे म्हटलं, "त्या लग्नाला नेलंच नसतं तर." वहिनी काही बोलली नाही, ओट्यापाशी उभी राहून भांडी लावत होती. ते बघून मला वाटलं की हे एकदा तपासू या, खरंच.

पहिलं, लसीचं कार्ड. पोर जन्मली २.९ किलोची. एक वर्षाला ८.८. दीड वर्षाला, बूस्टरच्या वेळी, १०.१. दोन वर्षाला ११.२, इथपर्यंत झकास. मग ऑगस्टमध्ये, सव्वादोन वर्षांची असताना, ११.४. नोव्हेंबरमध्ये प्लेस्कूलच्या कॅम्पमध्ये, अडीच वर्षांची, ११.५. दोन ते अडीच वर्षांत मुलीचं वजन साधारण सव्वा किलो वाढायला हवं, छोटीचं वाढलं ३०० ग्रॅम. आणि लग्न फेब्रुवारीत! म्हणजे गाडी लग्नाच्या आधी किमान तीन महिने, कदाचित सहा महिने, रुळावरून उतरायला लागली होती आणि आम्ही कोणी बघितलंच नाही, कारण पोरगी खेळत होती, बोलत होती, आणि "आमच्याकडे सगळे बारीकच आहेत" हे वाक्य प्रत्येक घरात तयारच असतं.

दुसरं, हिमोग्लोबिन. त्याच कॅम्पमध्ये ९.१ होतं. लोहाचं सिरप चालू केलं. आता आपल्या देशात पाच वर्षांखालच्या मुलांत ॲनिमिया इतका आहे (२०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्व्हेत ६७ टक्के) की ९.१ बघून कोणी दचकत नाही, मीही नाही दचकले. पण वहिनी सिरपच्या बाबतीत अशी काटेकोर की कालनिर्णयावर रोज टिकमार्क. तीन महिने दिलं. आणि एप्रिलमध्ये निघालं ८.७, म्हणजे वाढायचं सोडून उतरलं. थॅलसेमियाची तपासणी करून घेतली, ती स्वच्छ. लोह जिथून रक्तात शोषलं जातं तो आतड्याचा पहिला भाग, आणि सिलिॲक मारतो तोच भाग. सिरप आतड्यातून नुसतं जात होतं.

तिसरं ते कालनिर्णय, आणि हे मला सगळ्यात भारी वाटलं. वहिनीला सवय आहे, दुधाचा हिशोब, सिलिंडर कधी लावला, बाई कधी आली नाही, सगळं त्या चौकोनांत. जुनं वर्ष संपलं की काढत नाही, नवीन त्याच खिळ्यावर वरून लटकवते. मी खालचं उलटून बघितलं. सप्टेंबर २०, "छो. पोट". ऑक्टोबरमध्ये तीनदा, "छो. पोट", "छो. शी पातळ", "छो. जेवली नाही". दिवाळीत एकदा. ती स्वतः विसरून गेली होती! विचारलं असतं तर शपथेवर म्हणाली असती की लग्नाच्या आधी काही नव्हतं.

आणि इथेच मला तो व्हायरसवाला सगळा रिसर्च नीट समजला, आधी वाचला होता पण समजला नव्हता. आजार झाल्यावर आईबापाला विचारलं की आधी काय झालं होतं, तर ते सगळ्यात ठळक गोष्ट सांगणार, लग्न सांगणार, हॉस्पिटल सांगणार. म्हणून नॉर्वेतल्या लोकांनी उलटं केलं. तिथे २००१ ते २००७ मध्ये जवळपास ४७ हजार बाळांची जीन्सची तपासणी करून ज्यांच्यात डीक्यू२ आणि डीक्यू८ ही धोक्याची दोन्ही एचएलए जीन्स होती अशी ९१२ बाळं निवडली आणि तिसऱ्या महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत दर महिन्याला त्यांच्या शीचा नमुना जमा करत राहिले, कोण पुढे आजारी पडणार हे माहीत नसताना. पुढे त्यातल्या २५ मुलांना सिलिॲक झाला. मग फ्रीजरमधले जुने नमुने काढून बघितलं. रक्तात अँटिबॉडी यायच्या आधीच्या नमुन्यांत एन्टेरोव्हायरस आजारी पडलेल्या मुलांमध्ये २० टक्के नमुन्यांत होता, न पडलेल्यांमध्ये १५ टक्के. २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलला आलं. २० आणि १५, बघा किती लहान फरक आहे, आणि तरी खरा, कारण कोणाच्या आठवणीवर उभा नाही. फरक जास्त दिसला तो ज्यांच्यात व्हायरस भरपूर होता किंवा दोन महिन्यांच्या वर रेंगाळला त्यांच्यात, आणि मुख्य म्हणजे गहू खायला लागल्यानंतरच्या इन्फेक्शनमध्ये. ॲडेनोव्हायरस पण शोधला होता, त्याचा संबंध निघाला नाही. त्यात गंमत अशी की व्हायरस आणि सिलिॲकची ही सगळी गोष्ट ज्यावरून सुरू झाली तो ॲडेनोव्हायरसच होता, १९८४ मध्ये त्याच्या १२ नंबरच्या प्रकारातल्या एका प्रोटीनचा तुकडा गव्हाच्या ग्लायडिनशी (ग्लूटेनमधलंच एक प्रोटीन) जुळतो असं दिसलं होतं.

आमचं कालनिर्णय म्हणजे गरिबाची नॉर्वे स्टडीच की, फक्त फ्रीजर नाही.

हे व्हायरस आणि गव्हाचं जमतं कसं, तर माझ्या भाषेत सांगते. धोक्याची ती एचएलए जीन्स, डीक्यू२ किंवा डीक्यू८, त्यातलं एक तरी साधारण तीनातल्या एका माणसाकडे असतंच, पण सिलिॲक होतो शंभरात एकाला. म्हणजे जीन पाहिजेच, पण नुसत्या जीनने होत नाही. एकाच अंड्यातल्या जुळ्यांत पण एकाला असून दुसऱ्याला नसतो अशी जोडी सापडते. तर बाकीचं काहीतरी बाहेरून येतं. आपलं आतडं लहानपणी शिकतं की जेवण हा पाहुणा आहे, त्याच्यावर धावून जायचं नाही. आता समजा ज्या दिवशी पोळी आत आली त्याच दिवशी व्हायरस पण आत शिरलाय, सगळी फौज चिडलीय, दिसेल त्याची नोंद होतेय, त्या गडबडीत पोळीच्या तुकड्याचंही नाव यादीत गेलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ना, तेच. २०१७ मध्ये सायन्समध्ये शिकागोच्या बाना जब्री आणि पिट्सबर्गच्या टेरेन्स डर्मोडी यांच्या टीमचं काम आलं, त्यांनी उंदरांना रिओव्हायरस दिला, जो माणसांना पण सगळ्यांना लहानपणी होऊन जातो आणि कोणाला कळतही नाही. दोन प्रकार घेतले, दोन्ही आतड्यात शिरणारे, दोन्हींना शरीराने हरवलं, पण त्यातल्या एकानेच उंदरांची ग्लूटेनबद्दलची सहनशीलता मोडली. म्हणजे जुलाब लागायलाच पाहिजेत असं नाही, गुपचूप येऊन गेलेला पण काम करून जाऊ शकतो. आणि सूज आली की टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज जागं होतं, तेच टीटीजी (टेस्ट मोजते त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी), ते ग्लायडिनच्या तुकड्याला असा आकार देतं की डीक्यू२ च्या खाचेत तो फिट बसतो. उंदरांना काही आपल्यासारखा सिलिॲक होत नाही, हे लक्षात ठेवायचं.

रोटाचं पण आहे. अमेरिकेत कोलोराडोला १९३१ मुलांवर लक्ष ठेवलं होतं, २००६ मध्ये छापलं, ज्यांच्या रक्तात वारंवार रोटा होऊन गेल्याच्या खुणा होत्या त्यांच्यात सिलिॲकच्या अँटिबॉडी जास्त. फिनलंडला रोटा लसीच्या जुन्या ट्रायलमधली मुलं मोठी झाल्यावर बघितली, तर लस मिळालेल्यांत सिलिॲक ०.६० टक्के, न मिळालेल्यांत १.११. हे वाचून आईने विचारलं, छोटीला रोटाचे थेंब दिले होते का? दिले होते, कार्डावर तिन्ही आहेत, सहा, दहा, चौदा आठवड्यांचे, मध्य प्रदेशात सरकारी लसीकरणात २०१७ पासून आहेतच. मग? मग काही नाही, आपल्याकडची लस गंभीर रोटा निम्म्याहून थोडा जास्त अडवते, सगळा नाही, आणि रोटा हा यादीतला एकच. लस घेतली म्हणून सिलिॲक होणार नाही असं कोणी म्हटलेलं नाही, आणि लसीमुळे झाला असं तर मुळीच नाही, हे मुद्दाम लिहितेय कारण आमच्याच एका नातेवाईकाने ती पण पिंजऱ्यात टाकून बघितली.

तेवढ्यात दादाने वेगळाच सूर लावला, की मग आपण मुलांना फार स्वच्छ ठेवायला पाहिजे होतं, हात धुवायला पाहिजे होते. इंदूर काय, सलग कितीतरी वर्षं स्वच्छतेत पहिलं, तिथे हे ऐकायला बरं वाटतं. पण मग रशियन करेलियाचं काय करायचं? फिनलंडला लागून आहे, जीन्स तशाच, गहू पण भरपूर, राहणीमान गरीब, इन्फेक्शन जास्त. तर तिथे शाळेतल्या मुलांत सिलिॲक निघाला ४९६ मध्ये एक, आणि चकचकीत फिनलंडमध्ये १०७ मध्ये एक. म्हणजे इन्फेक्शन सगळंच वाईट हे पण खरं नाही, कुठलं, कोणत्या वयात, पोटात तेव्हा किती गहू, याच्यावर सगळं. गव्हाच्या मात्रेचं तर आपल्या देशातच दिसतं, मोठ्या सर्व्हेत उत्तरेकडे सिलिॲक १.२३ टक्के आणि दक्षिणेत ०.१०, आणि धोक्याची जीन्स दोन्हीकडे जवळपास सारख्या लोकांत. तिकडे भात, इकडे आपण. २०२० ला युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या टेडी अभ्यासातून पण असंच आलं की एन्टेरोव्हायरस आणि ग्लूटेनची मात्रा दोन्ही मिळून जोर करतात.

आता कोणी म्हणेल, ठीक आहे, लग्नातला नसेल, पण व्हायरस दुसरा कुठला? आहे की उमेदवार. ऑगस्टमध्ये प्लेस्कूलमध्ये हँड-फूट-माउथची साथ होती, छोटीला पण झालं, तळहात-तळपाय आणि तोंडात फोड, आणि हा आजार करणारे कॉक्सॅकी वगैरे एन्टेरोव्हायरसच्याच घराण्यातले. कार्डावर ११.४ ज्या दिवशी लिहिलंय ती तारीख त्याच आठवड्याची! मी एक संध्याकाळ फार खुश होते, पोलिसासारखी. मग लक्षात आलं की तोंड आलेलं पोर चार दिवस जेवलेलं नव्हतं, त्या दिवशी वजन कमी भरणारच, त्यावरून घसरण आधी सुरू झाली की नंतर हे सांगताच येत नाही. आणि त्या वर्गातल्या बाकी चौदा मुलांना पण तेच झालं, ती सगळी मजेत पोळी खातायत. डॉक्टरांना विचारलं तर ते हसले, म्हणाले हजार मुलांमध्ये हा संबंध दिसतो, एका मुलात दाखवता येत नाही. मला ते पटलं, थोडा हिरमोड पण झाला.

फेब्रुवारीच्या जुलाबांनी काय केलं मग? मला वाटतं, आधीच अर्धं झिजलेलं आतडं होतं, त्याच्यावर एक धक्का बसला, जे निरोगी पोर चार दिवसांत भरून काढतं ते हिला जमलं नाही, आणि आमचं सगळ्यांचं लक्ष गेलं. आजार लपलेला होता तो उघडा पडला. त्या अर्थी लग्नाने एक प्रकारे मदतच केली, नाहीतर आम्ही अजून एक वर्ष "बारीकच आहे" म्हणत बसलो असतो. हे मी आईला कार्ड, कालनिर्णय दोन्ही समोर ठेवून सांगितलं. ती बराच वेळ ऑक्टोबरचं पान बघत बसली. मग वहिनीला म्हणाली, "तू लिहून ठेवत होतीस, आम्हीच कोणी वाचलं नाही." माफी वगैरे नाही, आमच्याकडे ती पद्धतच नाही, पण दुसऱ्या दिवशी ज्वारी निवडायला ती स्वतःहून बसली.

खरी मजा पुढे आहे. सिलिॲक निघाला की आईबाप, भावंडं सगळ्यांची टेस्ट करायची असते, कारण घरात अजून कोणाला असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त. वहिनी निगेटिव्ह. दादा, वय ३७, कधी जुलाब नाहीत, वजन चांगलं, थोडी ढेरी पण आहे, त्याचं टीटीजी ८६! नंतर बायोप्सीत पण आलं. त्याला काय होतं, तर वर्षानुवर्षं तोंडात छाले, आणि हिमोग्लोबिन अकराच्या वर कधी गेलं नाही, ज्याला आम्ही ऑफिसचा थकवा म्हणायचो. आणि रिपोर्ट ऐकल्याबरोबर आईचं पहिलं वाक्य काय असावं? "तुला अठ्ठ्याण्णव साली कावीळ झाली होती ना, मल्हारगंजला राहत होतो तेव्हा?" बस. मी आणि वहिनी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की डोळ्यांतून पाणी. शोधायचंच म्हटलं तर कोणाच्या आयुष्यात एक ताप, एक कावीळ, एक लग्न सापडत नाही?

आता घरात गहू नाही. चक्कीवर ज्वारी दळली तर आधीच्या गव्हाचं पीठ त्यात येतंच, म्हणून घरघंटी घेतली, तिच्यात फक्त ज्वारी, मका, तांदूळ. पोहे चालतात, साबुदाण्याची खिचडी चालते, भुट्ट्याचा कीस चालतो, बाहेरचा नाही, घरचा. सगळ्यात मोठा धक्का हिंगाने दिला. तीन महिन्यांनी छोटीचं टीटीजी अपेक्षेएवढं उतरलं नव्हतं, सगळा स्वयंपाक परत तपासला, तर डबीवाला हिंग निघाला, बांधणीचा हिंग मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात कालवलेला असतो, डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं पण हिंगाची डबी वाचतं कोण, आणि आपल्याकडे हिंगाशिवाय फोडणी आहे का एक तरी? तांदळाच्या पिठातला हिंग शोधून आणला. फोडणी तीच, वासही तोच, आईला फरक कळला नाही.

सहाव्या महिन्यात छोटीचं टीटीजी ४१, हिमोग्लोबिन ११.२ (तेच सिरप, आता लागू पडलं), वजन १३.१, आणि प्लेस्कूलवाल्या बाई म्हणतात वेगळीच मुलगी आणून सोडली का. ती स्वतः सगळ्यांना सांगते, "मला गहू चावतो." दादाचं मात्र अजून ८० च्या आसपासच आहे. ऑफिसजवळच्या कचोरीबद्दल विचारलं की म्हणतो एकच खाल्ली, आणि वहिनी कालनिर्णयाकडे बघते. त्याच्या पुढच्या टेस्टची तारीख दोनदा पुढे ढकलली गेलीय, आता तिसरी मंगळवारची आहे.